दोघींच्या वाटचं हसू

"यापुढे आपल्या दोघींच्या वाटचं मी हसत जाईन." मार्ज तिच्या मुलीला, लिसाला, असं म्हणते, गाडीत, आणि एपिसोड जवळजवळ संपतो. हे वाक्य मला परवापासून सोडत नाहीये. भाजी निवडताना, लोकलमध्ये, काल तर मीटिंगमध्ये पण तेच. म्हणून लिहायला बसले. लिहिलं की मला कळतं नक्की कुठे टोचतंय ते, निदान बऱ्याचदा कळतं.

सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेचा पहिलाच सीझन आहे तो. सहावा एपिसोड, 'मोनिंग लिसा', ११ फेब्रुवारी १९९० ला अमेरिकेत पहिल्यांदा लागला होता. चित्रं अजून ओबडधोबड, लिसाच्या बापाचा, होमरचा, आवाजसुद्धा नंतर ऐकतो तसा नाही, वेगळाच जाडाभरडा. माझ्या मुलीला, चिऊला, जुने एपिसोड आवडत नाहीत, "यात सगळे आजारी दिसतात" म्हणते, पण हा तिने स्वतः शोधून लावला. का लावला ते मी विचारलं नाही. शाळेतलं ते सगळं चालू झाल्यापासून मी फार विचारत नाही, बसते नुसती शेजारी.

आई दिवाणावर पडली होती. ड्रॉप्स घातले की थोडा वेळ डोळे मिटून पडायचं असं सांगितलंय, तर तिला नुसता आवाज ऐकू येत होता. मधेच म्हणाली, "कोण रडतंय गं एवढं?" कोणी रडत नव्हतं, सॅक्सोफोन वाजत होता. मग मी तिला सांगत बसले, ही लिसा, आठ वर्षांची आहे, हुशार आहे, हिला वाईट वाटतंय. "कशाचं?" कशाचंच नाही गं, असंच. "असंच कसं वाईट वाटेल?" पण ऐकत होती सगळं, मी थांबले की हं म्हणायची. आणि शेवटी मार्ज ते वाक्य म्हणाली, मी ते मराठीत सांगितलं, तर आई डोळे न उघडता म्हणाली, "बरोबर केलं बाईने. आईला हसावंच लागतं." आणि ती बाटली फ्रिजमध्ये ठेव म्हणाली आणि कुशीवर वळली.

झालं एवढंच. चिऊने माझ्याकडे बघितलं, मी फ्रिजकडे गेले.

आता हा एपिसोड मी आधीही पाहिलाय, आणि ते वाक्य मला कायम प्रेमाचंच वाटत आलंय. लिसाला खरंच काही झालेलं नसतं. सकाळी आरशात बघत उभी असते. डब्यासाठी कपकेक दोनच उरलेत आणि खाणारे तिघं, तर ती सांगते की माझा नको, एका कपकेकने मला काही आनंद होणार नाही, तुम्ही घ्या. आणि बाप आणि भाऊ खरंच घेतात. शाळेत बँडच्या तासाला सगळे देशभक्तीचं गाणं वाजवतायत आणि ही मधेच सॅक्सोफोनवर स्वतःचं काहीतरी सुरू करते, तर लार्गो सर म्हणतात की या गाण्यात असल्या वेड्यावाकड्या वाजवण्याला जागा नाही. पुढे डॉजबॉलच्या तासाला ती चुकवतच नाही, उभी राहते आणि अंगावर बॉल खाते. मग घरी चिठ्ठी येते, लिसा डॉजबॉल खेळायला तयार नाही कारण ती दुःखी आहे. या चिठ्ठीवर मी परवा खूप वेळ अडकले. कारण त्यात शाळेने निदान कारण तरी लिहिलंय. आमच्या इथल्या डायरीत 'सहभाग कमी' एवढंच येतं.

कारण नसताना दुःखी असलेल्या मुलीवर एपिसोड करायचा ही कल्पना म्हणे मालिकेच्या एका निर्मात्याची, जेम्स ब्रूक्सची होती, आणि तो लिहिला अल जीन आणि माइक रीस या दोघांनी. पुरुषांनी. मला याचं खरंच नवल वाटतं, कारण पुढचा भाग इतका आतला आहे. मार्जला स्वप्न पडतं. स्वप्नात ती लहान आहे आणि दारातून बाहेर पडायच्या आधी तिची आई तिला थांबवते आणि चेहरा नीट करायला लावते, हसरा कर म्हणते, कारण तुझं हसू केवढं मोठं आहे त्यावरून लोक ठरवतात की तुझी आई किती चांगली. मार्जचा आणि तिच्या आईचा आवाज एकाच बाईने दिलाय, ज्युली कॅव्हनरने. म्हणजे आई बोलते आणि मुलगी बोलते तो आवाज मुळात एकच. हे मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आमच्या घरी पण लँडलाइन होता तेव्हा लोक मला आई समजून सगळं सांगून मोकळे व्हायचे.

दुसऱ्या दिवशी मार्ज लिसाला शाळेत सोडते आणि तेच पुढे देते. जे काही वाईट वाटतंय ते सगळं खाली ढकल, अगदी गुडघ्यांच्याही खाली, इतकं की तू त्याच्यावर पाय देऊन चालशील, मग तू सगळ्यांत सामावशील, पार्ट्यांना बोलावतील, मुलांना आवडशील. लिसा हसते. आणि ते लगेच लागू पडतं! एक मुलगा येतो, हसू छान आहे म्हणतो, मग म्हणतो आम्हाला तू जरा अतिहुशार वाटायचीस पण बरी आहेस की, सरावानंतर घरी ये, माझा गृहपाठ करून दे. ती हो म्हणते. लार्गो सर येऊन सांगतात की आज काही स्वतःचं वाजवायचं नाही हं, ती नाही सर म्हणते. सगळं हसत हसत.

मार्ज हे गाडीतून बघते. आणि गाडी वळवते, चाकं कर्रकन वाजतात, लिसाला हाताला धरून आत ओढते आणि निघते. मग ते सगळं म्हणते. मी चुकीचं सांगितलं, वाईट वाटत असेल तर वाटू दे, आम्ही तुझ्याबरोबर ते काढू, आणि तुझं वाईट वाटून संपलं की आम्ही तिथेच असू. आणि मग ते वाक्य.

म्हणजे लिसा सुटली. मान्य. पण मार्ज? तिने लिसाच्या डोक्यावरचं उतरवलं आणि ते खाली ठेवलं नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतलं. एवढे दिवस एकीचं हसत होती, आता दोघींचं. आणि तिला सोडवायला कोण येणार होतं गाडी वळवून? तिची आई तर स्वप्नातसुद्धा चेहरा नीट कर म्हणते.

आई म्हणते बरोबर केलं.

परवा दादाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आईने आधी चष्मा काढला, मग केस नीट केले, मग मला म्हणाली फोन जरा वर धर. आणि जी हसली! "मस्त आहे रे, काही दुखत नाही, ही सगळं करते माझं, तू काळजी करू नको, जेवलास का?" कॉल संपला तर लगेच डोळ्यावर हात ठेवून पडली. दिवसभर ठसठसत होतं तिला, मला सकाळीच सांगितलं होतं तिने. मी म्हटलं सांगायचं ना त्याला, तर म्हणे तो तिथे एकटा, उगाच त्याच्या जिवाला घोर. हे आजचं नाही. बाबांच्या आजारपणात दवाखान्यातल्या मावशींपासून ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकापर्यंत सगळ्यांना ही बाई हसून चहा विचारत होती. त्यानंतरही. त्यानंतरचं मला लिहवत नाही.

आणि मला राग येतो. कशाचा ते नीट सांगता येत नाही, तिचा नाही. त्या वाक्याचा असेल. ते इतकं गोड आहे की त्याच्या विरुद्ध काही बोलताच येत नाही.

आणि खरं सांगू, थोडं माझंही आहे यात. मला कोणी म्हटलं होतं की वाईट वाटत असेल तर वाटू दे? दहावीनंतर स्मिता गेली तेव्हा मी कितीतरी दिवस जेवत नव्हते, तर आत्या म्हणाली तोंड पाडून बसू नको, घरात अवदसा येते. बाबांच्या दिवसांत येणारा जाणारा प्रत्येक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा तू आता खंबीर राहायचं, आईकडे बघायचं, आणि मी मान हलवायचे. मी आईकडे बघत होते, आई माझ्याकडे बघत होती, आणि दोघी एकमेकींसाठी चेहरा धरून बसलो होतो. दादा मात्र मागच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडला आणि त्याला सगळ्यांनी रडू दिलं, बरं झालं रडू दिलं, पण मग मला का नाही. ऑफिसमध्ये आता ते सगळं चाललंय तरी सकाळी लिफ्टमध्ये शिरले की माझा चेहरा आपोआप तसा होतो. मला कळतं होताना. गाल वर जातात. संध्याकाळी गाल दुखतात, खरोखरचे दुखतात.

एपिसोडमध्ये दुसरी एक गोष्ट चालू असते, होमर आणि बार्टची. व्हिडिओ गेममध्ये बॉक्सिंग खेळतात आणि होमर सतत हरतो. मुलगा त्याला मारतो सारखा. आणि हा मोठा बाप्या त्याचं इतकं मनाला लावून घेतो की आर्केडमध्ये जाऊन एका पोराकडून शिकून येतो. आधी मला हा भाग भरतीचा वाटायचा. परवा बघताना लक्षात आलं की या सगळ्यात होमरला एकदाही कोणी चेहरा हसरा कर म्हणत नाही. गेममध्ये हरला म्हणून तो उघडउघड दुःखी असतो, घरभर असतो, आणि ते घरात चालतं. लिसाचं चालत नाही. तिचं दुःख सोडवायला मात्र सगळे धावतात, ते सुटलं नाही की वैतागतात. मी हे आमच्या ह्याला सांगितलं तर तो म्हणाला तू कार्टून बघ ना शांतपणे. जाऊ दे.

पण लिसाकडे सॅक्सोफोन आहे. रात्री खिडकीतून लांबून कोणीतरी वाजवतंय ते ऐकू येतं, ती उठून जाते, पुलावर चांदण्यात ब्लीडिंग गम्स मर्फी नावाचा जॅझ वाजवणारा बसलेला असतो. दोघं मिळून वाजवतात. ती गाते, भाऊ छळतो, बाप तसला, सगळी गाऱ्हाणी. आणि तिला बरं वाटतंय असं ती म्हणते तर मर्फी सांगतो की ब्लूज, म्हणजे ही अशी दुःखाची गाणी, बरं वाटण्यासाठी नसतात, ते दुसऱ्याला वाईट वाटावं म्हणून असतात, आणि जमलं तर त्यातून चार पैसे मिळावेत म्हणून. मला हे आईला नीट समजावून सांगता आलं नाही. मी म्हटलं, जात्यावरच्या ओव्या कशा, तसं. तर आई लगेच म्हणाली, "आईच्या होत्या." म्हणजे आजीच्या. पहाटे उठून दळताना आजी काय काय म्हणायची, सासूचं, नणंदेचं, माहेरी न आलेल्या भावाचं, आणि ओवीत म्हटलं की ते कोणाला लागायचं नाही, घरातली माणसं तिथेच पडल्या पडल्या ऐकत असायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यातली रेकॉर्डिंग मी ऐकते कधीकधी. आजी त्यात नाहीये. पण त्यातली कुठलीही बाई आजीसारखीच वाटते, हेल तोच.

मग मी आईला विचारलं तुला येतात का. म्हणाली, "नाही गं, आमच्या वेळी गिरणी आली ना." आणि हे इतक्या सहज म्हणाली.

मला तेव्हापासून हेच वाटतंय की आईकडे काही नव्हतंच. आजीकडे जातं होतं. लिसाकडे सॅक्सोफोन आहे, चिऊकडे तिचे ते हेडफोन आणि दार लावून घ्यायची सोय आहे, आणि दार लावलं तर मी वाजवत नाही. मधल्या बाईकडे काय? गिरणी आली म्हणजे हातांचं ओझं गेलं, चांगलंच झालं, कोणाला परत जात्यावर बसवायचं नाहीये मला. पण त्या पहाटेच्या वेळात जे बोलता यायचं ते बोलायला दुसरी जागा कुठे मिळाली तिला? मार्जकडेही काही नाही. मर्फीपाशी जाऊन ती लिसाला घेऊन येते तेव्हा त्याला म्हणते की राग मानू नका, मला अनोळखी गोष्टींची भीती वाटते. इतकं खरं बोलते ती तिथे. मला तर रडूच आलं होतं त्या वाक्याला.

काल रात्री चिऊ झोपल्यावर मी परत लावला. फक्त तो गाडीचा सीन बघायचा होता. आणि परत परत बघितल्यावर एक गोष्ट दिसली, म्हणजे दिसत होतीच पण मी वाक्यातच अडकले होते. गाडी वळवताना मार्ज हसत नसते. तिचा चेहरा बघा, घाबरलेला आणि चिडलेला. त्या एवढ्याशा वेळात लोक काय म्हणतील हे तिच्या गावीही नसतं, सगळ्या शाळेसमोर चाकं वाजवत जाते, लार्गो सर मागे म्हणतात सुद्धा की ही मुलगी अशी कशी ते आता कळलं. आणि घरी गेल्यावर बॉक्सिंग ऐन रंगात आलेलं असताना, होमर अखेर जिंकणार तेवढ्यात, ती टीव्हीची वायर ओढून काढते, कारण लिसाला बरं वाटलंय आणि सगळ्यांनी मिळून तिच्याबरोबर जॅझ ऐकायला जायचंय. तेव्हाही विचारत नाही कोणाला. सगळे जातात. मर्फी तिथे लिसाचं गाणं म्हणतो.

आणि मग मला एकदम कराड आठवलं. काकूच्या घरी तो कार्यक्रम होता, मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, आणि त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "हस बघू जरा, दात बघू दे." मी हसणारच होते. खरंच, मी हसले असते, ओठ अर्धे वर गेले पण होते. तेवढ्यात आई उठली, माझ्या हातातला ट्रे घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चल गं." काकू काय काय बोलत मागे आल्या. बाबा एसटीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि नंतर बरंच बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं. स्टँडवर मला उसाचा रस पाजला होता तिने. हा किस्सा आमच्याकडे 'कराडचं स्थळ कसं मोडलं' म्हणून सांगतात, आईच्या चेहऱ्याचं कोणी सांगत नाही. पण मला तो आठवतोय, लख्ख आठवतोय, त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं अजिबात. आणि मी तिला इतकी सुंदर दुसरी कधी बघितलेली नाही.

म्हणजे तिला जमतं. तिला येतं न हसायला. माझ्यासाठी आलं होतं, एकदा दादासाठी कॉलेजच्या ऑफिसात आलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून परत काकूंना फोन करून हसत बोलायला लागली हेही खरं, आणि ते पण आमच्यासाठीच असणार, नाती सांभाळायला. रात्री हे सगळं आठवल्यावर मला बरं वाटलं, इतकं की मी अंधारात बसून हसले, आणि ते गाल दुखणारं हसू नव्हतं. आई तशी आहे. ती मार्जला शाबासकी देणारच. तिने जे इतकी वर्षं केलं ते बरोबर होतं असं तिला वाटलं पाहिजे ना, आणि मी कोण ते काढून घेणारी. तिचं आयुष्य मी आता बदलून देऊ शकत नाही. चिऊला मी काय सांगते ते माझ्या हातात आहे, आणि चिऊला मी अजून एकदाही गालाला हात लावून हास म्हटलेलं नाही, हे मला आज लिहून ठेवायचंय.

फक्त एक राहतंच. कराडला ती माझ्यासाठी उठली. स्वतःसाठी कधी उठली ते मला आठवत नाही, मी आज दिवसभर आठवून बघितलं. स्वतःचं दुखतंय तेव्हा ती फोन वर धर म्हणते.

आज सकाळी चिऊने तिला विचारलं, "आजी, तुला कशाचं वाईट वाटतं?" असं सरळ. मुलं विचारतात. आई म्हणाली मला कशाचं वाईट वाटणार. मग थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, डोळ्याला ताण नको सांगितलंय तरी निवडतच होती, म्हणाली, "तुझ्या आजोबांना शेवटी शेवटी आमटी नको व्हायची, त्याचं वाटतं." चिऊ म्हणाली मग? आई म्हणाली मग काही नाही. पण सांगितलं तिने. चिऊने हेडफोन काढून बाजूला ठेवले होते.

उद्या दादाचा कॉल येईल. तो फोन आधी मी घेणार आहे आणि त्याला सांगणार आहे की आईचा डोळा ठसठसतोय, तिला आज बोलायचं नाहीये, तू नंतर कर. तो घाबरेल थोडा, घाबरू दे, मुलगाच आहे तो तिचा. आई माझ्यावर चिडेल. मला ठाऊक आहे ती चिडेल, म्हणेल तुला कोणी सांगितलं मधे पडायला. चिडू दे तिला.